हृदयाला छिद्र – आणि तेही बेचाळिसाव्या वर्षी!

बायकांच्या तोंडी एक वाक्य अगदी ठरलेले असते. "हल्ली मेला जरा जिना चढला की दम लागतो." हळदीकुंकवाला, भाजीच्या गाडीपाशी, एस.टी.च्या थांब्यावर, कुठेही ते ऐकायला मिळते, आणि त्याची उत्तरेही ठरलेलीच. कुणी म्हणते, वजन वाढलंय. कुणी म्हणते, रक्त कमी असेल, बीट खा, खजूर खा. कुणी म्हणते, चाळिशी आली, आता हे चालायचंच! बहुतेकींच्या बाबतीत यातले काही ना काही खरेही असते. पण मैत्रिणींनो, आज मी लिहिणार आहे ते उरलेल्या थोड्या जणींविषयी. यांचा दम वजनाचा नसतो, रक्ताचा नसतो आणि वयाचाही नसतो. तो जन्माबरोबर आलेला असतो, आणि चाळीस वर्षे त्याचा पत्ता ना त्यांना असतो, ना त्यांच्या आईला.

आपल्या हृदयाला चार खोल्या असतात हे शाळेत आपण सगळ्याच शिकलो. वरच्या मजल्यावर दोन, खालच्या मजल्यावर दोन. मधून एक भिंत. उजव्या बाजूच्या खोल्यांत अंगभर फिरून आलेले अशुद्ध रक्त येते आणि फुप्फुसाकडे जाते. डावीकडे फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेले रक्त येते आणि पुन्हा अंगभर जाते. या दोन बाजूंची सरमिसळ होता कामा नये. पण बाळ पोटात असते तेव्हा त्याची फुप्फुसे कामाला लागलेली नसतात, म्हणून निसर्गाने वरच्या दोन खोल्यांमध्ये एक झडपेचे दार ठेवलेले असते. बाळ जन्मून पहिला टाहो फोडते, आणि ते दार मिटते. काही जणांचे हे दार थोडे किलकिले राहते, अगदी चार माणसांत एकाचे. त्याने सहसा काही बिघडत नाही. पण काही बाळांची ती भिंतच अपुरी घडलेली असते. तिथे खरेखुरे छिद्र राहते. डॉक्टर त्याला एएसडी म्हणतात. हे छिद्र पुरुषांपेक्षा बायकांत जवळजवळ दुप्पट आढळते, म्हणून तर आपल्या साप्ताहिकात त्याला जागा हवी.

मग लहानपणीच कसे कळत नाही, असे तुम्ही विचाराल. छिद्र खालच्या मजल्यावर असले आणि मोठे असले, तर तान्हेपणीच बाळ दूध पिताना धापा टाकते, वजन धरत नाही. ते लपत नाही. वरच्या मजल्यावरचे हे छिद्र मात्र मोठे मुखदुर्बळ! डाव्या खोलीतले थोडे रक्त उजवीकडे गळते, तेच रक्त पुन्हा फुप्फुसाची फेरी करून येते, उजव्या बाजूला नि फुप्फुसाला फुकटची दुप्पट धुणी-भांडी. मूल असते तोवर ते सारे खपून जाते. मुलगी सडपातळ असते, सर्दी-खोकला जरा जास्त होतो, खेळात मागे राहते, एवढेच. पुढे वय वाढते, रक्तदाब वाढतो, हृदयाची डावी बाजू ताठर होते, तिच्यात रक्त मावेनासे होते आणि छिद्रातून जास्तच वाहू लागते. उजवी बाजू फुगते. मग दम, छातीत धडधड, पायांवर सूज. कुणाला हे बाळंतपणातच जाणवते, कारण गरोदरपणी अंगातले रक्त एरवीपेक्षा बरेच वाढलेले असते.

माझ्या थोरल्या नणंदेचे, आमच्या वन्संचे, असेच झाले. दुसऱ्या बाळंतपणापासून त्यांना दम लागायचा. सांगलीला त्यांचे दोन मजली घर, वाळवण गच्चीवर. पापडाचे ताट घेऊन वर गेल्या की पाच मिनिटे कठड्याला टेकून उभ्या. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी आम्लपित्ताचे पातळ औषध दिले, तिसऱ्यांनी "घरात काही टेन्शन आहे का?" म्हणून विचारले. (आहेच की! टेन्शन नसलेले घर कुणी पाहिलंय?) पंधरा वर्षांत छातीला नळी लावून शांतपणे ऐकावे असे कुणाला वाटले नाही. २०२२ साली दिवाळीनंतर पिशवीचे ऑपरेशन ठरले, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आदल्या दिवशी तपासायला आल्या. त्यांनी नळी ठेवली, पुन्हा ठेवली, वन्संना श्वास रोखायला सांगितला, सोडायला सांगितला. निरोगी हृदयाच्या 'लब-डब'मधला 'डब' श्वासाबरोबर किंचित बदलतो. या छिद्रात तो दोन तुकड्यांत ऐकू येतो आणि श्वास घ्या की सोडा, तसाच राहतो. बाई म्हणाल्या, "उद्याचं ऑपरेशन नाही. आधी टू-डी एको करून या."

एको म्हणजे छातीवरून केलेली सोनोग्राफी. न टोचता, न दुखता. तिच्यात दिसले बावीस मिलिमीटरचे छिद्र. हल्लीच्या रुपयाच्या नाण्याएवढे!

यापुढचे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण रोगापेक्षा ते जास्त दुखले. वन्संच्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारले, "जन्मापासूनचं म्हणता, मग लग्नाच्या वेळी लपवलंत होय?" वीस वर्षे संसार केलेल्या, दोन मुलांच्या आईला हा प्रश्न! आणि इकडे माझ्या सासूबाई, वन्संच्या आई, देवापुढे बसून रडत होत्या, ते वेगळ्याच कारणाने. त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं. ही पोटात होती तेव्हाच्या ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती." बेचाळीस वर्षे ही गोष्ट त्यांनी मनात ठेवली होती आणि आता तिला जागा सापडली.

ते ग्रहण मोठेच होते. १६ फेब्रुवारी १९८०. कर्नाटकात कारवार, हुबळीकडे खग्रास, आणि आमच्याकडे खंडग्रास. लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले होते. वन्संचा जन्म त्याच वर्षीचा, जूनच्या अखेरचा. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, सनावळ्यांचा हिशेब हा माझा धंदाच. मी कॅलेंडरच्या पाठीमागे मांडून दाखवला. म्हटले, "आई, बाळाचं हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडतं. म्हणजे ७९च्या दिवाळीच्या सुमाराला घडायला लागलं आणि मार्गशीर्षात त्याच्या भिंती बांधून झाल्या. ग्रहण आलं तेव्हा तुम्हांला पाचवा महिना होता. छिद्र राहायचं ते अडीच महिने आधीच राहून गेलं होतं. तुमच्या विळीनं काय करायचं?" सासूबाईंनी ते कॅलेंडर बराच वेळ हातात धरले. पटले की नाही मला सांगता यायचे नाही, पण त्यानंतर ती गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

आता खरी कारणे. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तिचा मधुमेह ताब्यात नसला, काही विशिष्ट औषधे पोटात गेली, दारू गेली, तर धोका वाढतो. काही घराण्यांत ते पिढीजात चालते, आणि नात्यातल्या लग्नांत अशा दोषांचे प्रमाण अधिक दिसते. मुलींना लग्नाआधीच रुबेलाची लस दिली का ते पाहा, आणि मधुमेह असलेल्या सुनेला दिवस राहण्याआधी साखर आटोक्यात आणायला सांगा. हे आपल्या हातात आहे. ग्रहण, दृष्ट, कुणाचा शाप, यांचा इथे काही संबंध नाही.

आणि त्या 'लपवलंत' या शब्दाचे उत्तर पुण्याच्या डॉक्टरांनी दिले. तपासणीला वन्संच्या सासूबाईही गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, लपवायला आधी माहीत तर असावं लागतं!"

पूर्वी हे छिद्र बुजवायचे म्हणजे छातीचे मधले हाड कापणे, हृदय थांबवणे आणि तेवढा वेळ यंत्राने रक्त फिरवणे. ते यंत्र जॉन गिबन या अमेरिकन सर्जनने बनवले. बनवले म्हणजे वीस वर्षे घालवली, आणि त्यातली सुरुवातीची वर्षे त्याची बायको मेरी प्रयोगशाळेत त्याच्या बरोबरीने खपत होती. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात त्या यंत्रावर पहिले यशस्वी ऑपरेशन झाले, ते अठरा वर्षांच्या मुलीचे, आणि आजार हाच – वरच्या दोन खोल्यांमधले छिद्र. आजही कित्येकींना हेच ऑपरेशन लागते आणि ते उत्तम होते. मात्र आता पुष्कळ जणींना छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून थेट हृदयापर्यंत जाता येते.

शिरेतून हृदयात जाता येते हे ज्याने दाखवले त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तिच्यात एक नर्स आहे. १९२९ साल, जर्मनीतले एबर्सवाल्डे गाव. वेर्नर फोर्समान नावाचा चोविशीचा नवशिका डॉक्टर. त्याला वाटे, हाताच्या शिरेतून नळी सरकवली तर हृदयात पोचेल आणि माणूस मरणार नाही. वरिष्ठांनी साफ मनाई केली. निर्जंतुक हत्यारांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या नर्सकडे होती. त्याने तिला सारे समजावून सांगितले आणि ती नुसती किल्ली द्यायला नव्हे, तर स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाली! त्याने तिला टेबलावर निजवले, हातपाय बांधले, तिच्या हाताला औषध लावल्यासारखे केले, आणि तिच्या नकळत स्वतःच्याच हाताची शीर उघडून नळी आत सरकवली. मग तिला सोडले. ती रागावली म्हणतात, आणि रागावणारच! पण तशीच त्याच्याबरोबर जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेली. तिथे त्याने नळी पुढे ढकलली आणि हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. त्याची नोकरी गेली, चेष्टा झाली. १९५६ साली आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. तिघेही पुरुष. गेर्डाच्या किल्लीला काही मिळाले नाही.

आपल्याकडे हे तंत्र आणणाऱ्यांत मात्र एक बाई अग्रभागी होत्या. डॉ. एस. पद्मावती, भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. जन्म ब्रह्मदेशातला, शिक्षण पुढे अमेरिकेत, लहान मुलांच्या हृदयविकारांचा पाया घालणाऱ्या हेलन टॉसिग यांच्या हाताखाली. दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात १९५४ साली त्यांनी हृदयात नळी घालून तपासण्याची प्रयोगशाळा उभी केली. २०२० साली वयाच्या १०३ व्या वर्षी त्या गेल्या.

नळीतून तपासता येते, तर नळीतून बुजवता का येऊ नये? न्यू ऑर्लिन्सच्या टेरी किंग आणि नोएल मिल्स या डॉक्टरांनी १९७५ साली सतरा वर्षांच्या एका मुलीचे छिद्र दोन छोट्या छत्र्यांनी नळीवाटे बुजवले. पण त्यांची नळी फार जाड होती, त्यामुळे ते मागे पडले. पुढे कुर्ट अम्प्लाट्झ या जन्माने ऑस्ट्रियन डॉक्टरांनी नायटिनॉल नावाच्या धातूच्या तारांची जाळी विणली. निकेल आणि टायटॅनियम यांचा हा मिश्रधातू, आणि त्याचा गुण असा की त्याला आपला आकार आठवतो. ताणून सरळ केला, नळीत कोंबला, तरी बाहेर पडताच पुन्हा पहिल्यासारखा. १९९५ पासून ही जाळी माणसांत वापरली जाऊ लागली. अमेरिकेने २००१ साली तिला मान्यता दिली, आणि आपल्याकडे मोठ्या शहरांत आता हे नित्याचे काम आहे.

ती दिसते कशी म्हणाल, तर आपल्या कानातली कुडी आठवा. पाळीच्या पुढे कुडी, मागे फिरकी, आणि भोकातून जाणारी दांडी. तशीच ही दोन चपट्या चकत्यांची. मधला भाग छिद्रात बसतो आणि दोन चकत्या भिंतीला दोन्हीकडून धरतात. नळी छिद्रातून पलीकडच्या खोलीत न्यायची, तिथे पहिली चकती उघडायची, मागे ओढून भिंतीला टेकवायची, मग अलीकडे दुसरी उघडायची. सारे पडद्यावर बघत. हलवून पाहायचे, घट्ट बसली का. मनासारखी नसेल तर परत नळीत ओढून घेता येते. बसली की जिच्या टोकाला ती अडकवलेली असते ती तार चक्क फिरकीसारखी फिरवून सोडवायची. पुढे काही महिन्यांत हृदयाचे स्वतःचे अस्तर तिच्यावर चढते आणि ती भिंतीचाच भाग होऊन जाते.

वन्संना आधी एक नळी गिळून अन्ननलिकेतून एको करून घ्यावा लागला. त्या म्हणतात, सगळ्यांत वाईट तेच! अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असते, म्हणून छिद्राच्या कडा तिथून स्वच्छ दिसतात. या कडाच महत्त्वाच्या. कापडाला ठिगळ लावायचे तर भोवती धड कापड हवे ना? कडा नसतील, छिद्र फार मोठे असेल किंवा भिंतीच्या मधोमध नसून टोकाला असेल, तर ही जाळी बसत नाही; तिथे ऑपरेशनच. तेही हल्ली काही ठिकाणी उजव्या स्तनाखालच्या लहान छेदातून करतात आणि व्रण घडीत झाकून जातो. लग्नाच्या मुलीची आई हे पहिले विचारते, आणि विचारले तर त्यात लाजायचे काही नाही.

प्रत्यक्ष काम तासाभराचे. वन्संना मंगळसूत्र, बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले. मी गळ्याभोवती दोरा बांधायला निघाले, तर परिचारिका म्हणाली, "ताई, दोरा पण नको, फोटोत येतो." बाहेर आल्या तेव्हा जांघेत एक छोटी पट्टी, बस्स. पाच-सहा तास पाय न वाकवता उताणे पडायचे. तिसऱ्या दिवशी घरी. त्यांच्या यजमानांनी पुण्याला निघताना पाटल्या मोडायची तयारी ठेवली होती, पण रुग्णालयात 'आरोग्यमित्रा'चे टेबल होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे बरेच उपचार बसतात. तुमच्यावर वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्या टेबलावर जा. सोने मोडणे हे शेवटचे.

टाके नाहीत म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नका. कधी जाळी सरकते, कधी ठोक्यांची लय बिघडते, आणि क्वचित, अगदी क्वचित, तिची कड हृदयाच्या भिंतीला घासून जखम करते. म्हणून घरी आल्यावर छातीत दुखले, एकदम दम लागला, भोवळ आली, तर शेजारणीला विचारत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. पहिले काही आठवडे थोडी धडधड पुष्कळांना होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सहसा सहा महिने असतात. त्यामुळे अंगावर निळे डाग उठतात, पाळीला रक्त जास्त जाते. सांगायला संकोचू नका, आणि आपल्या मनाने गोळी थांबवू तर मुळीच नका. सहा महिने दाताचे काही करायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारून प्रतिजैविक घ्यावे लागते, कारण हिरड्यांतले जंतू नव्या जाळीवर जाऊन बसू शकतात. काही आठवडे भरली कळशी, गॅसची टाकी, पाटा-वरवंटा यांना हात लावायचा नाही. (वन्संकडे त्या दिवसांत मुलगा पाणी भरायला शिकला, हा जास्तीचा फायदा.) दिवस राहू द्यायचे असतील तर सहा महिने तरी थांबावे. आणि एक खास आपल्या उपयोगाचे. खोटे कानातले घातले की ज्यांची पाळी चिघळते, घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांचे मनगट खाजते, त्यांना बहुधा निकेल सोसत नाही. जाळीत निकेल आहे. हे डॉक्टरांना आपणहून सांगायचे.

ज्यांनी फार वर्षे दुर्लक्ष केले त्यांच्यापैकी काहींच्या फुप्फुसांतला दाब इतका चढतो की रक्त उलटे, उजवीकडून डावीकडे जाऊ लागते. ओठ-नखे निळी पडतात. मग छिद्र बुजवणे हाच धोका होतो. औषधांवरच राहावे लागते. अशा बाईला गरोदरपण जिवावर बेतणारे असते, आणि "एक तरी मूल हवंच" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे कुणी तरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. छिद्र असताना संततिप्रतिबंधक गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांतल्या काहींनी रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते, आणि छिद्रातून गुठळी पलीकडे गेली तर ती मेंदूत जाऊ शकते.

छिद्राखेरीज जन्मजात दोष आणखीही आहेत. फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद असली तर ती फुग्याने रुंद करता येते. हे प्रथम १९८२ साली बाल्टिमोरच्या जीन कान या डॉक्टरीणबाईंनी लिहून प्रसिद्ध केले. आणि ज्यांची लहानपणी मोठी ऑपरेशने झाली त्यांची ही झडप पुढे निकामी झाली, तर २००० सालापासून नवी झडपसुद्धा नळीवाटे बसवता येऊ लागली आहे. म्हणून "माझं लहानपणीच झालंय, आता काय पाहायचं?" असे म्हणणाऱ्या बायकांनीही दर वर्षा-दोन वर्षांनी दाखवले पाहिजे. जुनी फाईल माहेरी माळ्यावर पडली असेल, ती काढून आणा.

आईला असा दोष असला की मुलांत तो असण्याची शक्यता थोडी वाढते. गरोदरपणी पाचव्या महिन्याच्या सुमाराला बाळाच्या हृदयाचा एको करता येतो. वन्संच्या दोन्ही मुलांचा, आणि आमच्या घरच्या सगळ्या भावंडांचा एको आम्ही गेल्या मे महिन्यात करून घेतला. माझे पती सोडले तर सगळ्यांनी मुकाट्याने केला. त्यांना मी शाळेला सुट्टी होती तेव्हा धरून नेले. सगळ्यांचा ठीक निघाला.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा दम केव्हापासून लागतो, किती पायऱ्यांवर लागतो, बाळंतपणात कसे होते, झोपताना उशा किती लागतात, हे कागदावर लिहून न्या. नुसते "थकवा येतो" म्हटले की गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते. आणि ज्यांना जाळी बसवली आहे त्यांना रुग्णालयातून एक कार्ड मिळते, त्यावर जाळीचे नाव आणि माप असते. ते कपाटात नको, पर्समध्ये हवे, एम.आर.आय. करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.